एकवीस कंदील

एका फेरीला दोन,
असे एकवीस कंदील मी सायकलवरून माळावर नेले.
साडेदहा फेऱ्या म्हणा.

कवलापूरच्या पट्टीवर तेव्हा वीज नव्हती.
पट्टी होती, तिच्यावर शेरडं होती,
बांबूला टांगलेली वाऱ्याची पिशवी होती
आणि मी, बाबालाल मुजावर, रोजंदारीवर.
विमान दिसलं की शेरडं हाकायची,
एवढंच काम.

रात्रीचं विमान पहिल्यांदाच येणार होतं.
कारखान्याच्या चरकाचं दातेरी चाक तुटलेलं,
नवं पुण्याहून निघालेलं,
सोराब बामजी घेऊन येणार होते.
कारकून म्हणाला, पन्नास पावलांवर एक,
दोन्ही अंगांना दहा-दहा,
एकविसावा शेवटाला, तांबड्या काचेचा.
तांबडी काच कुठली?
पोरीच्या फ्रॉकची पट्टी बांधली काचेवरून.

वारा दंडोबाकडून होता.
पुढचा पेटवावा तर मागचा डोळा मिटायचा.
मी पळत राहिलो, हातात काडेपेटी,
पाठीत रॉकेलचा वास.
शेवटी एकवीसच्या एकवीस लागले.
हे मी चौकशीतही सांगितलं.
एकवीस. मोजून.

आवाज आधी आला,
लांबच्या घरात कुणी शिवणयंत्र चालवावं तसा.
मग हिरवा ठिपका, मग तांबडा.
माझ्या डोक्यावरून गेलं.
वळसा घेतील, वाटलं.
मी टोपी काढून हातात धरून उभा.

पलीकडे, तासगाव रस्त्याला लागून,
उसाच्या गाड्या उभ्या होत्या,
चरक बंद म्हणून दुपारपासून.
बैल सोडलेले, माणसं चगळावर झोपलेली,
प्रत्येक गाडीच्या आखाखाली एक कंदील.
त्यांच्यातलं अंतर कुणी पावलांनी मोजलं नव्हतं.
एक गाडी, एक बैलजोडी, एक गाडी.
माझ्या रांगेपेक्षा सरळ होती ती.
वाऱ्याच्या आडोशाला होती,
एकही विझत नव्हता.

बामजीसाहेब एकदा पंखाखाली सावलीला बसून
मला म्हणाले होते,
वरून सगळं सपाट दिसतं, बाबालाल,
डोंगरसुद्धा भाकरीसारखा.
मी हसलो होतो.

आवाज खाली गेला,
मग एकदम वर चढला, ओरडल्यासारखा,
म्हणजे शेवटी त्यांना बैल दिसले असणार.
तारांवर एक निळी ठिणगी.
मग काहीच नाही.
मग ती सरळ रांग मोडली.
एकेक दिवा जागचा सुटला
आणि शाळवात पळत सुटला,
पाच, आठ, मग मोजता येईनात.
तेव्हा मला कळलं.

मी पोचलो तेव्हा शाळू पोटरीला आलेला,
त्यात विमान कुशीवर,
पंखाच्या टोकाचा हिरवा दिवा अजून चालू.
एक गाडीवान, अंगावर घोंगडं,
साहेबांचं डोकं मांडीवर घेऊन
त्यांना पाणी पाजत होता
आणि पाणी नुसतं बाहेर येत होतं.
मला म्हणाला, तुमचा माणूस हाय का?
मी म्हणालो, हो.
असं आजवर कुणाला म्हटलं नव्हतं.

चाक सापडलं चाळीस हातांवर,
काळ्या रानात अर्धं रुतलेलं,
एकही दात तुटला नव्हता.
चौघांनी उचलून गाडीत घातलं.
तिसऱ्या दिवशी चरक सुरू झाला,
रांग पुढे सरकली.

चौकशीला आलेल्या साहेबानं विचारलं,
रॉकेल किती लागलं?
सव्वासात लिटर.
दिवे किती वाजता विझवले?
विझवले नाहीत, साहेब.
विझवा असं कुणी म्हणालंच नाही.
सकाळी शेरडं आली तेव्हा
त्यांतले सहा अजून जळत होते,
उन्हात दिसत नव्हते,
काचेला हात लावल्यावर कळलं.

आता वीज गेली की सून मेणबत्त्या लावते,
एक खिडकीत, एक चुलीपाशी, एक देवळीत.
तिसरी मी उचलतो.
जरा बाजूला ठेवतो,
रांगेतून काढून.
ती विचारते, मामंजी, तिथं उजेड कुणाला?